डावी वायर दोन मीटर, उजवी सात : आवाजात फरक पडतो का?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात सिंहगड रस्त्यावर नवा फ्लॅट, हॉल एल आकाराचा, अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) टीव्ही युनिटच्या डाव्या कप्प्यात. डावा स्पीकर हाताशी आहे, त्याला २ मीटर वायर पुरते. उजवीकडे मधे बाल्कनीचं सरकतं दार, म्हणून वायर छतातून फिरवावी लागणार, ७ मीटर. मागच्या दोन स्पीकरना ११ आणि १४ मीटर. पुढचे स्पीकर ६ ओहमचे, मागचे ८ चे. दुकानदार म्हणतो, पुढे दोन्हीकडे ७-७ मीटरच टाका, नाहीतर 'स्टेजिंग' (गायक-वादक समोर कुठे बसलेत असं वाटतं ते) बिघडेल. आणि इतक्या लांबीला साधी वायर चालत नाही, ही परदेशी घ्या. पीओपीवाला सोमवारी येतोय, त्याआधी उत्तर हवंय.

तर सोमवारच्या आत : डावीकडे २, उजवीकडे ७ मीटर खुशाल टाका. वायर २.५ चौरस मिलिमीटरची, अस्सल तांब्याची घ्या. तापकीर गल्लीत 'अडीच एमएम' म्हटलं की काढून देतात. लांबी सारखी करायला डाव्या स्पीकरमागे ५ मीटरचं वेटोळं ठेवायची गरज नाही. का, ते पुढे लिहितो. तुमचा दुकानदार पूर्ण खोटं बोलत नाहीये, आणि गोम तिथेच आहे.

अ‍ॅम्प दुरुस्त करणं आणि घरोघरी सिस्टिम बसवणं हे मी २७ वर्षं करतोय. 'वायर बदलली आणि आवाज उघडला' हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. काही वेळा ते खरंही होतं, पण कारण बहुतेक वेळा वेगळंच निघालं.

स्पीकरची वायर म्हणजे शेवटी एक छोटा रेझिस्टन्स, विजेच्या वाटेतला अडथळा; तो ओहममध्ये मोजतात. अ‍ॅम्पने दिलेलं व्होल्टेज वायर आणि स्पीकर आपापल्या ओहमच्या प्रमाणात वाटून घेतात. वायरीने घेतलेला वाटा फुकट जातो, तिची उष्णता होते. म्हणून लांबीचा प्रश्न एकट्या लांबीचा कधीच नसतो. किती लांब, किती जाड आणि पुढे किती ओहमचा स्पीकर, हे तिन्ही एकत्र धरावे लागतात. ज्याने तुम्हाला नुसती लांबी विचारून वायर सांगितली, त्याने हिशोब केलेला नाही.

हिशोब सोपा आहे. बारीक तारांच्या लवचिक तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स २.५ चौरस मिमीला किलोमीटरमागे जास्तीत जास्त ७.९८ ओहम धरतात, १.५ ला १३.३ आणि ०.५ ला ३९. करंट जोडीतल्या एका कोरने (तारेने) जातो आणि दुसऱ्याने परत येतो, म्हणून हे आकडे दुप्पट करायचे. बरेच जण इथेच चुकतात. अडीच एमएमला मीटरमागे ०.०१६ ओहम येतात. तुमच्या डाव्या वायरीचे झाले ०.०३२, उजवीचे ०.११२. ६ ओहमच्या स्पीकरपुढे डावीकडे आवाज ०.०५ डेसिबलने कमी होतो, उजवीकडे ०.१६ ने. दोन्हींतला फरक साधारण ०.१२ डेसिबल. गाणं चालू असताना १ डेसिबलचा फरकसुद्धा बहुतेकांना मुद्दाम लक्ष दिलं तरच कळतो. साध्या अ‍ॅम्पच्या व्हॉल्यूम नॉबमध्ये, आवाज अगदी हळू असताना, डाव्या-उजव्यात याच्या कितीतरी पट तफावत असते आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

आता हेच गणित होम थिएटरच्या खोक्यात फुकट येणाऱ्या दोरीसारख्या वायरीला लावा. ती ०.५ चौरस मिमीची धरली तर ७ मीटरला ०.५५ ओहम होतात. तुमच्या डाव्या-उजव्यातला फरक अर्ध्या डेसिबलच्या पुढे जातो, आणि स्पीकर ४ ओहमचा असता तर पाऊण डेसिबलच्याही पुढे. दुकानदाराचं म्हणणं इथे थोडं खरं ठरतं. पातळ वायरीला असमान लांबी बाधते. पण त्याचा उपाय जाडी वाढवणं हा आहे. दोन्ही बाजूंना सारखीच पातळ वायर टाकली, तर एका बाजूचं नुकसान दोन्ही बाजूंना वाटलं जाईल, एवढंच.

आवाज नुसता कमी झाला असता तर नॉब थोडा फिरवून प्रश्न मिटला असता. वायर पातळ आणि लांब झाली की खरी गडबड वेगळीच होते, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. स्पीकरवर लिहिलेले ६ किंवा ८ ओहम हा एक सोयीचा, गोळाबेरीज केलेला आकडा आहे. प्रत्यक्षात स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या करंटला त्याचा होणारा अडथळा, सुराप्रमाणे बदलतो. बासच्या एका ठिकाणी तो २०-३० ओहमपर्यंत उसळतो, मधल्या सुरांत कुठेतरी ४ च्या आसपास उतरतो, क्रॉसओव्हरपाशी (जिथे सूर मोठ्या आणि छोट्या कोनात वाटले जातात तिथे) पुन्हा चढतो. जिथे इम्पिडन्स कमी, तिथे वायर मोठा वाटा खाते. जिथे जास्त, तिथे जवळजवळ काहीच नाही. म्हणजे वायर आपोआप एक छोटा टोन कंट्रोल होऊन बसते, तोही तुम्ही न फिरवलेला.

मागच्या १४ मीटरला ०.५ ची वायर टाकली असं समजा. १.०९ ओहम झाले. स्पीकर ४ ओहमवर उतरतो तिथे २.१ डेसिबल गेले, ३० ओहमवर चढतो तिथे फक्त ०.३. जवळपास १.८ डेसिबलचा चढउतार हा कानाला येणारा फरक आहे. तबल्यातल्या बायाँची घुमक थोडी फुगते आणि गाणाऱ्याचा आवाज दबल्यासारखा होतो. हीच वायर अडीच एमएमची केली की सगळा चढउतार अर्ध्या डेसिबलच्या आत येतो. लांबी १४ मीटर होती तेवढीच राहिली.

मॅकिन्टॉश कंपनीत स्पीकर घडवणारे रॉजर रसेल यांनी यासाठी एक ठोकताळा मांडला होता : वायरीचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा. मी तोच वापरतो. ८ ओहमच्या स्पीकरला ०.५ ची वायर ५ मीटरपर्यंत चालते, दीडची १५ आणि अडीचची २५ मीटरपर्यंत. स्पीकर ४ ओहमचा असेल तर या लांब्या निम्म्या करायच्या. पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये २५ मीटर वायर लागेल असा हॉल माझ्या तरी नशिबात अजून आलेला नाही. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात मात्र एकदा अ‍ॅम्प माजघरात आणि स्पीकर ओसरीवर होते. तिथे ४ चौरस मिमीची वायर घातली.

आता 'स्टेजिंग'. दुकानदाराच्या मनात बहुधा असं आहे, की लांब वायरीतून आवाज उशिरा पोचेल आणि गायक मधोमध न राहता डावीकडे सरकेल. गायक सरकणं ही खरी गोष्ट आहे. पण वायरीतून आवाज जात नाही, वीज जाते, आणि ती सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जाते. ५ मीटर जास्त वायरीला सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे २५ भाग जास्त लागतात. तेवढ्या वेळात हवेतला आवाज केसाच्या जाडीएवढाही पुढे सरकत नाही. उलट, सोफ्यावर तुम्ही असे टेकलात की डावा स्पीकर उजव्यापेक्षा १० सेंटिमीटर जवळ आला, तर डाव्याचा आवाज सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाचे जवळपास तीन भाग आधी येतो, आणि हा फरक कानाला सहज कळतो. वायरीने एवढाच उशीर करायचा म्हटलं तर ती सुमारे ५८ किलोमीटर लांब हवी. म्हणजे पुणे स्टेशनवरून निघालेली वायर लोणावळ्याच्या जवळ पोचवावी लागेल. तेव्हा वायरीची मापं जुळवत बसण्यापेक्षा मापाची पट्टी घेऊन सोफ्यापासून दोन्ही स्पीकरचं अंतर मोजा.

यावरून आठवलं. एव्ही रिसिव्हरमध्ये (होम थिएटरच्या अ‍ॅम्पमध्ये) प्रत्येक स्पीकरचं 'डिस्टन्स' भरावं लागतं. औंधमधल्या एका काकांनी तिथे वायरीची लांबी भरली होती, तीही प्रामाणिकपणे, सेंटिमीटरसकट. मागचे स्पीकर अर्थातच भलत्या वेळी बोलत होते. तिथे कानापासून स्पीकरपर्यंतचं सरळ हवेतलं अंतर भरायचं असतं.

लांबीच्या नावावर खपणाऱ्या तक्रारींचं खरं कारण माझ्या अनुभवात दोनच ठिकाणी सापडतं : सांध्यात आणि धातूत.

सांध्याचं एक उदाहरण देतो. कोथरूडला एका घरी मागचा उजवा स्पीकर 'वायर लांब असल्यामुळे' दबलेला होता. मालकांनी वायरीवर आधीच दोनदा पैसे घातले होते, दोन्ही वेळा फक्त खाली दिसणारा तुकडा बदलून. वरच्या फॉल्स सीलिंगमधला पहिल्या कामाचा तुकडा कोणी उघडलाच नव्हता. मी मोजलं तर वाटेत १.९ ओहम निघाले. छत कापलं. तिथे दोन वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली, टेपचा डिंक सुटलेला आणि आतलं तांबं तीन पावसाळे खाऊन हिरवं पडलेलं. सांधा कापून सोल्डर केला आणि श्रिंक स्लीव्ह चढवली. मालकांनी विचारलं, "वायर कोणती घातलीत?" वायर तीच होती. म्हणून तुमच्या पीओपीवाल्याला आणि इलेक्ट्रिशियनला बजावून ठेवा : अ‍ॅम्पपासून स्पीकरपर्यंत एक अखंड वायर, मधे छतात सांधा नाही.

धातूची गोष्ट जास्त चीड आणणारी आहे. बाजारात पारदर्शक आवरणातली, सोनेरी चकाकणारी स्पीकर वायर ढिगाने मिळते. तिच्यावर 'ऑक्सिजन फ्री कॉपर' छापलेलं असतं, आणि आत असतं अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा पातळ मुलामा. धंद्यात तिला सीसीए म्हणतात. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा रेझिस्टन्स साधारण दीडपटीहून जास्त असतो. म्हणजे तुम्ही अडीचचे पैसे मोजता आणि घरी दीडची वायर येते. शिवाय स्क्रूखाली ती दबत जाते, सैल होते आणि टोकाशी वाकवली की तुटते. ओळखायचं कसं? एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरं निघालं तर अ‍ॅल्युमिनियम. उलट बाहेरून पांढरी आणि आत तांबूस निघाली तर तो तांब्यावर कल्हईसारखा दिलेला कथिलाचा थर आहे, ती वायर चांगली. गुंडाळी हातात घेतली की वजनानेही कळतं. अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा तिपटीहून हलकं. दुकानदार खरवडू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

म्हणूनच मी बऱ्याचदा सरळ घरगुती वायरिंगची, आयएसआय मार्कची वायर घ्यायला सांगतो. तिच्यात तांबं किती असावं हे मानकाने बांधलेलं असतं. दोन कोर एकमेकींना हलका पीळ देऊन न्यायच्या. पीळ दिला की दोन्ही तारा जवळ राहतात आणि इंडक्टन्स (वरच्या सुरांना अडवणारा वायरीचा गुण) आटोक्यात राहतो. तसाही घरातल्या लांब्यांना तो फारसा त्रास देत नाही. साध्या जोडवायरीला मीटरमागे ०.६-०.७ मायक्रोहेन्री धरले तर १० मीटरला, ८ ओहमच्या स्पीकरला, अगदी २० हजार हर्ट्झवरही डेसिबलच्या विसाव्या भागाएवढंच नुकसान होतं. आणि २० हजार हर्ट्झ चाळिशी ओलांडलेल्या आपल्यातल्या कुणाला ऐकू येतात? उरलेली वायर गुंडाळून ठेवली तर 'कॉइल' होऊन आवाज बिघडतो, हाही असाच एक समज. दोन्ही तारांतला करंट उलट दिशांनी वाहतो, त्यांचं चुंबकत्व एकमेकांना खोडून काढतं.

डॅम्पिंग फॅक्टरचं (अ‍ॅम्प बासच्या कोनाला किती घट्ट आवरतो, त्या आकड्याचं) भूत मात्र दोन वाक्यांत उतरवतो. अ‍ॅम्पच्या पत्रकावर २०० लिहिलेला आकडा लांब वायरीने ४० वर येतो हे खरं. पण बासच्या कोनाला आवरणाऱ्या त्या वर्तुळात स्पीकरच्या स्वतःच्या व्हॉइस कॉइलचे सहाएक ओहम आधीच बसलेले असतात, त्यात वायरीच्या दशांश-दोन दशांश ओहमने काय होणार?

अपवाद आहेत, आणि ते सांगितले नाहीत तर कोणीतरी जाणकार मला धरेल. 'नेम' नावाच्या ब्रिटिश कंपनीच्या अ‍ॅम्पना वायर कमीत कमी साडेतीन मीटर हवी, असं कंपनीच सांगत आली आहे. बहुतेक अ‍ॅम्पच्या आऊटपुटला आत एक छोटी कॉइल असते, यांच्या रचनेत ते काम वायरीवर सोपवलेलं आहे. तिथे वायर आखूड करणं हीच चूक. दुसरा अपवाद विणलेल्या, चपट्या महागड्या वायरींचा. काहींची कपॅसिटन्स (दोन तारांमध्ये विद्युतभार साठवण्याचा गुण) इतकी जास्त असते की एखादा नाजूक अ‍ॅम्प न ऐकू येणाऱ्या वरच्या पट्टीत स्वतःच गुणगुणू लागतो, तापतो, कधी जळतोही. असे जळालेले दोन अ‍ॅम्प माझ्या बाकावर येऊन गेले, दोन्ही वेळा वायरीची किंमत अ‍ॅम्पच्या जवळपास होती. आणि टर्नटेबलच्या मंडळींनी हे उत्तर आपल्याला लावून घेऊ नये. जुन्या बाजारातून रेकॉर्डी शोधून आणणाऱ्यांच्या सुईपासून फोनो इनपुटपर्यंतच्या वायरीची लांबी खरोखर ऐकू येते, कारण त्या कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या डबीला) वायरीची कपॅसिटन्स थेट भोवते. तिथे मीटरभरात काम भागवा.

मंगल कार्यालयात तर ६०-७० मीटर वायर जाते, मग तिथे कसं चालतं, असंही विचारतात. तिथे बऱ्याचदा १०० व्होल्ट लाइन असते. १०० वॉट ८ ओहमच्या स्पीकरला थेट द्यायचे तर साडेतीन अँपियर वाहतात; १०० व्होल्टवर एकच अँपियर. वायरीतलं नुकसान करंटच्या वर्गाने चालतं, म्हणजे तेवढ्याच वायरीत ते साडेबारा पटीने घटतं. म्हणून प्रत्येक स्पीकरवर छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. घरात हे काही लागत नाही.

मग लोकांना नवी वायर टाकली की फरक का ऐकू येतो? ते खोटं बोलत नाहीत. वायर बदलताना टर्मिनल पुसलं जातं, सैल स्क्रू आवळला जातो, स्पीकर दोन बोटं सरकतो, आणि कधी कधी आधी उलटे लागलेले लाल-काळे सरळ होतात. यातलं शेवटचं तर दर चार घरांमागे एका घरी निघतं : एका स्पीकरची लाल-काळी उलटी झाली की बास गायब होतो आणि गायक खोलीभर पसरतो. नवी वायर नीट जोडली, बास परत आला, श्रेय वायरीला गेलं. शिवाय कानाची आठवण फार तोकडी. वायर बदलायला लागलेल्या दहा मिनिटांत आधीचा आवाज डोक्यातून निघून गेलेला असतो. एकदा मित्रांच्या बैठकीत मी पडद्यामागे जाऊन खाटखूट केली, काहीच बदललं नाही आणि विचारलं, आता? चारपैकी तिघांना तंबोरा जास्त स्वच्छ वाटला. चौथा चहा घेत होता.

तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर मोजून बघा. ओहम मोडवर मोजू नका. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींमध्येच ०.२-०.३ ओहम असतात. त्यापेक्षा मोबाइलवरून ३०० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवा, आधी अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर मोजा आणि मग स्पीकरच्या. अ‍ॅम्पवर २.०० आणि स्पीकरवर १.९६ आले तर नुकसान २ टक्के, म्हणजे ०.१८ डेसिबल. तुमच्या उजव्या वायरीला साधारण एवढंच यायला हवं. ५ टक्क्यांच्या पुढे गेलं तर सांधा शोधा.

आता तुमचं काम. २, ७, ११ आणि १४ मिळून ३४ मीटर, दोन कोर म्हणजे ६८. प्रत्येक स्पीकरपाशी मीटरभर जास्तीची धरली तरी ७६ मीटर होतात, आणि घरगुती वायरीचं वेटोळं ९० मीटरचं येतं. एकात भागतं. सगळी वायर एकाच रंगाची होईल, तेव्हा पाइपात ओढण्याआधी प्रत्येक जोडीतल्या एका कोरच्या दोन्ही टोकांना लाल टेप लावा, आणि टोकांवर मार्करने 'स्पीकर' लिहा. दहा वर्षांनी येणारा इलेक्ट्रिशियन ती लाइटची वायर समजून तिच्यात २३० व्होल्ट सोडू नये म्हणून. त्याच भीतीपोटी हा पाइप लाइटच्या पाइपापासून वेगळा ठेवा, दोन्ही वायरी एकाच पाइपात कधीच नाही. वळणं मोठी घ्या, आणि वायर ओढून झाल्यावर पाइपात एक नायलॉनची दोरी तशीच सोडून ठेवायला पीओपीवाल्याला सांगा. उद्या वर अ‍ॅटमॉसचे (छतातून आवाज देणारे) स्पीकर लावायची हुक्की आली तर छत फोडावं लागणार नाही.